पोथी तपासायला किती वेळ लागतो?

बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय आज लिहून टाकतो. ऐकायला कोरडा आहे: व्हर्जन कंट्रोलच्या टेस्ट्स फास्ट कशा केल्या, त्याचा इतिहास. थांबा, लगेच खिडकी बंद करू नका! यात खिलजीचं सैन्य आहे, गणपती आहे, आमच्या वऱ्हाडातलं एक गाव आहे आणि ‘कचरा’ नावाचं एक फोल्डरपण आहे.

जे आयटीत नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख (बाकीच्यांनी सरळ पुढच्या परिच्छेदावर जावं). दहा-वीस जण मिळून एकच प्रोग्रॅम लिहितात, तेव्हा कोणी कधी काय बदललं याची वही ठेवावी लागते. ती वही ठेवणारं सॉफ्टवेअर म्हणजे व्हर्जन कंट्रोल. आज बहुतेक ठिकाणी गिट वापरतात, त्याच्या आधी सबव्हर्जन, सीव्हीएस वगैरे होते. आणि ऑटोमेटेड टेस्ट म्हणजे प्रोग्रॅम बरोबर चालतो का हे तपासणारा दुसरा प्रोग्रॅम. बदल केला की सगळ्या टेस्ट्स चालवायच्या. सगळ्या पास झाल्या तर चहा, नाहीतर रात्रीचं जेवण ऑफिसात.

आता गंमत बघा. साध्या वेबसाइटमध्ये बग राहिला तर एखादं बटण चालत नाही. व्हर्जन कंट्रोलमध्ये बग राहिला तर दुसऱ्या कोणाचं तरी दोन वर्षांचं काम गायब होऊ शकतं. म्हणून तिथे टेस्ट्स भरपूर लागतात. पण त्या टेस्ट्स मुळातच संथ असतात, कारण प्रत्येक वेळी एक छोटं जग उभं करावं लागतं: रिपॉझिटरी बनवा, फायली टाका, कमिट करा, ब्रँच काढा, दोन ब्रँचमध्ये भांडण लावा, मग बघा मर्ज नीट होतो का. आणि टेस्ट्स संथ झाल्या की माणसं त्या चालवेनाशी होतात. मागच्या एका प्रोजेक्टवर आमची टेस्ट सूट पावणेदोन तास चालायची. शुक्रवारी संध्याकाळी ती कोण चालवत असेल हे मी सांगायला नको.

तर प्रश्न असा: तपासणी कमी न करता तपासणी वेगात कशी करायची? मला वाटायचं हा आमच्या धंद्यातला ताजा प्रश्न आहे. नाही हो. निदान सातशे वर्षं जुना आहे, आणि त्याचं एक टोक माझ्या गावाच्या जवळच सापडतं.

रिद्धपूर

मी मूळचा परतवाड्याचा. परतवाडा म्हटलं की पुण्या-मुंबईकडच्या लोकांना फार तर चिखलदऱ्याला जाताना चहाला थांबलेला स्टँड आठवतो. तिथून चांदूर बाजारच्या बाजूला निघालं की मोर्शी तालुक्यात रिद्धपूर लागतं. आमच्याकडे रितपूरही म्हणतात. महानुभाव पंथाचं हे मोठं ठिकाण. गोविंदप्रभू इथले. २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं तेही इथेच, आणि ते उगाच नाही. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, लीळाचरित्र, या गावात तयार झाला असं मानतात. काळ साधारण १२७८ च्या सुमाराचा.

चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांच्या आठवणी शिष्यांच्या डोक्यात विखुरलेल्या होत्या. म्हाइंभटाने त्या गोळा करायचं काम हाती घेतलं. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं त्यांना गाठायचं, विचारायचं, लिहून घ्यायचं. परंपरा सांगते की गोळा केलेली लीळा नागदेवाचार्यांकडून तपासून घेतली जायची. नागदेवाचार्य स्वामींच्या सहवासात राहिलेले, पंथाचे पहिले आचार्य.

आमच्या भाषेत सांगायचं तर म्हाइंभट हा कॉन्ट्रिब्युटर आणि नागदेवाचार्य मेंटेनर. पॅच कितीही येवोत, रिव्ह्यू एकाच खिडकीवर. ही पद्धत भरवशाची आहे, पण तिचा वेग एका माणसाच्या वेगाइतकाच. आणि तो माणूस गेला की तपासणारंच कोणी उरत नाही. याला अजूनही उत्तम उपाय सापडलेला नाही, हे कुठल्याही ओपन सोर्स प्रोजेक्टमधला माणूस सांगेल.

पुढे तेच झालं, आणि फार वाईट रीतीने झालं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली, असं महानुभाव सांगतात. सर्व्हर जळाला, बॅकअप नाही. मग ग्रंथ पुन्हा उभा राहिला तो शिष्यांच्या पाठांतरावरून. ज्याला जसं आठवलं तसं त्याने सांगितलं. म्हणूनच लीळाचरित्राचा एकच पाठ नाही, अनेक पाठ आहेत, आणि त्यांना माणसांची नावं आहेत: हिराइसेचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ, आणखीही. ब्रँचला डेव्हलपरचं नाव द्यायची सवय आपल्याकडे इतकी जुनी आहे!

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढची आहे. दोन पाठ जुळले नाहीत तर त्यांनी एक दाबून टाकला नाही. पोथीतच ‘वासना’ असा शब्द घालून दुसरा पाठ नोंदवून ठेवला. (आजच्या मराठीत हा शब्द ऐकून भुवया उंचावतील, पण इथे त्याचा अर्थ पाठभेद.) कोणतं बरोबर हे आत्ता ठरवता येत नाही, तर दोन्ही ठेवा आणि खूण करा. घाईघाईने मर्ज करून मोकळं व्हायचा मोह त्यांनी टाळला. विष्णु भिकाजी कोलते यांच्यासारख्या संपादकांना सहा-सातशे वर्षांनंतर काम करता आलं ते अशा नोंदींच्या जोरावर. कोलतेही मूळचे आपल्या वऱ्हाडातलेच, बुलढाणा जिल्ह्यातले. त्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ साली निघालं.

पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्येही ठेवले. बाहेरच्याला वाचता येईना म्हणून बाहेरच्याला घुसवाघुसवीही करता येईना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी या लिपीची किल्ली शोधली, तेव्हा कुठे बाकीच्या महाराष्ट्राला आत डोकावता आलं. म्हणजे ॲक्सेस कंट्रोलने शुद्धता मिळाली, पण बाहेरून तपासणारे डोळेही सहा शतकं मिळाले नाहीत. फुकट काहीच मिळत नाही, हा या लेखातला पहिला धडा समजा.

पैठण, शके १५०६

मधे एक थांबा घेऊ. लीळाचरित्रानंतर थोड्याच वर्षांनी झालेली ज्ञानेश्वरी पुढची तीनशे वर्षं हातोहात उतरवली गेली, आणि उतरवताना बिघडत गेली. कोणी शब्द बदलला, कोणी आपली ओवी सारली. शके १५०६ म्हणजे १५८४ साली पैठणच्या एकनाथांनी हाताशी आलेल्या प्रती ताडून शुद्ध प्रत तयार केली आणि यापुढे कोणी आपली भर घालू नये असं बजावलं. आज आपण वाचतो त्या बहुतेक ज्ञानेश्वऱ्या या प्रतीच्या वंशातल्या. १९०९ साली राजवाड्यांनी, आपल्या मते एकनाथांच्याही आधीची, अशी एक पोथी छापली आणि भाषेत किती फरक पडला होता यावर वाद सुरू झाला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकनाथांनी शुद्ध प्रत दिली, पण कोणत्या ओवीत कोणत्या पोथीत काय होतं, याची नोंद आपल्यापर्यंत आली नाही. रिझल्ट आहे, लॉग नाही. त्यामुळे त्यांचा निर्णय पुन्हा तपासायचा तर पुन्हा पहिल्यापासून पोथ्या शोधत फिरावं लागतं. आपल्या सीआय सर्व्हरवर नुसता हिरवा दिवा दिसतो आणि लॉग तीस दिवसांनी पुसले जातात, तेव्हा मला हेच आठवतं.

पुणे, १९१९

आता या गोष्टीतला सगळ्यात मोठा प्रोजेक्ट. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, पुणे. कामाचं नाव: महाभारताची चिकित्सक आवृत्ती. एप्रिल १९१९ मध्ये सुरुवात, २२ सप्टेंबर १९६६ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते पूर्ततेची घोषणा. सत्तेचाळीस वर्षं. एकूण १,२५९ हस्तलिखितं वापरली. लिप्या शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम. एका श्लोकाचे इतके पाठ की डोकं गरगरावं.

पोथ्या ताडायच्या कशा? इथे त्यांनी जे केलं ते बघून मला थेट ‘डिफ’ आठवला. चौकटी आखलेला मोठा कागद घ्यायचा. वरच्या ओळीत प्रचलित पाठातला श्लोक अक्षर-अक्षर सुटा करून लिहायचा. खाली प्रत्येक पोथीला एक ओळ. पोथीतलं अक्षर वरच्यासारखंच असेल तर काही लिहायचं नाही, वेगळं असेल तेवढंच त्या चौकटीत भरायचं. जास्तीचे श्लोक बाजूच्या समासात. म्हणजे अख्खा श्लोक प्रत्येक पोथीसाठी परत लिहायचा नाही, फक्त फरक लिहायचा. एका कागदावर नजर टाकली की कुठे सगळे एकमुखाने बोलतात आणि कुठे गडबड आहे हे दिसतं.

तपासणी वेगवान करायची ही पहिली युक्ती: प्रत्येक वेळची तयारी कमी करा. कष्टाचं काम एकदाच करून ठेवा आणि मग फक्त फरकाकडे बघा.

दुसरी युक्ती: काम वाटा, पण एकाचा दुसऱ्यात पाय अडकणार नाही अशा रीतीने वाटा. बंगाली पोथ्या ताडायचं काम शांतिनिकेतनला चालायचं, दक्षिणेकडच्या लिप्यांमधल्या पोथ्यांचं तंजावरला. दोन्हीकडे कागद तोच, वरची ओळ तीच. म्हणून तिकडे भरलेले कागद पुण्यात आणून नुसते रचायचे. वरची ओळ प्रत्येकाने आपापली घेतली असती तर हे पॅरलल काम जुळवताना सत्तेचाळीसची सत्तर वर्षं झाली असती.

तिसरी युक्ती सगळ्यात अवघड: काय तपासायचं नाही ते ठरवा. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर मुख्य संपादक झाले. माणूस केंब्रिजला गणित शिकलेला, नंतर बर्लिनला हाइनरिख ल्यूडर्स यांच्याकडे पीएचडी केलेला. त्यांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत हिशेब दिला आहे. आदिपर्वाच्या सुमारे २३५ पोथ्या माहीत होत्या. त्यातल्या सत्तरेक पाहिल्या किंवा ताडल्या, आणि पाठ ठरवायला प्रत्यक्ष वापरल्या साठ. बाकीच्या? सोडल्या.

आळस म्हणून नाही. पोथीवरून पोथी उतरवलेली असते. एकाच पोथीच्या पन्नास नकला असतील तर ते पन्नास साक्षीदार नव्हेत, एकाच साक्षीदाराने पन्नास वेळा तेच सांगितलेलं आहे. देवनागरी पोथ्या संख्येने भरमसाट, पण त्या इकडून-तिकडून मिसळलेल्या. उलट काश्मीरची शारदा लिपीतली पोथी एखादीच, पण तिचं वजन मोठं. आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन शाखा, समजा काश्मीरची आणि केरळची, एकच पाठ देत असतील तर तो सगळ्यात भक्कम पुरावा. सुकथनकरांनी डोकी मोजली नाहीत, स्वतंत्र साक्षी मोजल्या.

हे वाक्य आमच्या क्षेत्रात कोणीतरी भिंतीवर रंगवायला हवं. ‘आमच्याकडे बारा हजार टेस्ट्स आहेत’ असं अभिमानाने सांगतात, आणि आत बघावं तर एकाच टेस्टच्या चारशे नकला, फक्त नाव बदललेल्या.

अर्थात कमी तपासून वेग मिळवला तर चुकल्याचं कळणार कसं? इथे नशिबाने सुकथनकरांना परीक्षेची संधी मिळाली. आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ ला छापला, पर्व पूर्ण झालं १९३३ ला. त्यानंतर काही वर्षांनी नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडून आदिपर्वाची एक फार जुनी पोथी समोर आली. संपादन करताना ती हाताशी नव्हती. म्हणजे प्रोग्रॅम रिलीज झाल्यावर आलेली, लिहिणाऱ्याने कधी न पाहिलेली टेस्ट! सुकथनकरांनी ती ताडून पाहिली, आणि त्यांचे कितीतरी निर्णय तिने उचलून धरले. साठ पोथ्या पुरेशा होत्या हे तेव्हा सिद्ध झालं.

आणि गणपती? व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही आपली लहानपणापासूनची गोष्ट मूळ पाठात बसली नाही. ती परिशिष्टात गेली. पण गेली म्हणजे फेकली नाही. कुठल्या पोथीत आहे, कुठल्या नाही, हे सगळं छापलेलं आहे. ज्याला पटत नाही त्याने स्वतः बघावं. जिथे संपादकांची पूर्ण खात्री नव्हती तिथे मूळ पाठातच अक्षरांखाली नागमोडी रेघ मारलेली आहे. रिद्धपूरच्या ‘वासने’ची ही पुण्यातली बहीण.

सुकथनकर जानेवारी १९४३ मध्ये गेले. काम थांबलं नाही. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आले, नंतर परशुराम लक्ष्मण वैद्य आले. कागद तयार होते, नियम लिहिलेले होते, लॉग होते. एका माणसाच्या डोक्यावर चालणारी रिद्धपूरची खिडकी आणि हे ऑफिस यात हाच फरक.

कचरा नावाचं फोल्डर

आता २००५ मध्ये उडी मारू. लिनक्सची मंडळी बिटकीपर नावाचं व्हर्जन कंट्रोल वापरत होती. त्याचा फुकट परवाना बंद झाला, आणि लिनस टोरवाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये काही दिवसांत गिटचा पहिला अवतार उभा केला. जुलैपासून ते जुनिओ हामानोच्या हाती आहे. टेस्ट्स सुरुवातीच्या काही आठवड्यांतच आल्या, आणि त्या शेल स्क्रिप्टमध्ये लिहिल्या. तेव्हा ते अगदी योग्य होतं. गिट म्हणजेच बारक्या-बारक्या कमांड्सचं गाठोडं, ते माणूस जसं टाइप करेल तसंच तपासायचं. प्रत्येक स्क्रिप्ट एक ‘ट्रॅश डिरेक्टरी’ बनवते, म्हणजे शब्दशः कचरा, त्यात नवी रिपॉझिटरी उभी करते, खेळ करते आणि शेवटी सगळं पुसून टाकते.

अशा स्क्रिप्ट्स आता हजारच्या घरात आहेत. आमच्याकडचा माणूस विचारेल, ‘येवढा येळ कायले लागते बे?’ तर हिशेब करून बघू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. एका स्क्रिप्टमध्ये तीनशे वेळा काही ना काही कमांड चालते, कधी गिट, कधी ग्रेप, कधी सेड. हजार स्क्रिप्ट म्हणजे तीन लाख वेळा नवी प्रोसेस जन्माला घालायची. एका जन्माला एक मिलिसेकंद लागला तर पाच मिनिटं. तीस मिलिसेकंद लागले तर अडीच तास! काम तेच, फक्त जन्माचा खर्च वेगळा. लिनक्सवर प्रोसेस स्वस्तात जन्मते. विंडोजवर युनिक्सची शेल चालवायची तर प्रोसेस जन्माला घालण्याचं सोंग आणावं लागतं, आणि ते फार महाग पडतं. विंडोजवर गिट बनवणाऱ्यांचे हाल यातूनच.

मग काय केलं? क्रमाने बघा, ओळखीचं वाटेल.

पहिलं म्हणजे काम वाटलं. सुरुवातीला सगळ्या स्क्रिप्ट्स एकाच नावाचं कचऱ्याचं फोल्डर वापरायच्या, म्हणून एका वेळी एकच चालवता यायची. ऑगस्ट २००८ मध्ये योहान्नेस शिंडेलिनने प्रत्येक स्क्रिप्टला तिच्या नावाचं वेगळं फोल्डर दिलं. बदल छोटासा, पण आता चार-आठ स्क्रिप्ट्स एकदम चालवता यायला लागल्या. शांतिनिकेतनचे कागद वेगळे, तंजावरचे वेगळे.

दुसरं, क्रम लावला. टेस्ट्सनी आपला निकाल ठरावीक साच्यात सांगायला सुरुवात केल्यावर ‘प्रूव्ह’ नावाचं पर्लचं अवजार वापरता आलं. ते मागच्या वेळी कोणाला किती वेळ लागला हे लक्षात ठेवतं आणि सांगितलं तर सगळ्यात संथ स्क्रिप्ट सगळ्यात आधी सुरू करतं. समजा एक स्क्रिप्ट दहा मिनिटांची आहे, बाकीच्या मिळून साठ मिनिटांच्या, आणि प्रोसेसर आठ. दहा मिनिटांची शेवटी आली तर साडेसात अधिक दहा, म्हणजे साडेसतरा मिनिटं. तीच पहिल्यांदा सुरू केली तर उरलेले सात प्रोसेसर बाकीचं काम तेवढ्यात संपवतात, एकूण दहा मिनिटं. एक ओळ कोड न बदलता! वरण शिजायला आधी लावायचं आणि कोशिंबीर शेवटी, हे आपल्या आयांना कॉलेजात न जाता माहीत होतं.

तिसरं, डिस्कचा नाद सोडला. कचऱ्याचं फोल्डर थेट मेमरीत ठेवायची सोय केली. शेवटी पुसायचंच आहे तर डिस्कवर कशाला? मग २०२१ च्या शेवटी टेस्ट्स चालू असताना ‘एफसिंक’ बंद ठेवायची सोय आली. एफसिंक म्हणजे डेटा खरोखर डिस्कवर उतरला का याची खात्री होईपर्यंत थांबणं. तुमच्या-माझ्या रिपॉझिटरीत हे थांबणं सोन्याच्या मोलाचं आहे, कारण लाइट कधीही जाऊ शकते (परतवाड्यात उन्हाळा काढलेल्याला हे वेगळं समजवायला नको). पण दोन सेकंदांनी पुसायच्या कचऱ्यासाठी ते कशाला? तालमीत चिलखत नको, लढाईत हवं. फक्त तालमीची सवय लढाईत जाऊ नये, म्हणून हा स्विच टेस्टसाठीच वेगळा ठेवला आहे.

चौथं, तयारीचा खर्च कमी केला. मर्क्युरिअल नावाचं गिटचं समवयस्क व्हर्जन कंट्रोल पायथॉनमध्ये आहे. तिथे प्रत्येक कमांडला आधी पायथॉन जागा करावा लागायचा. हजारो कमांड म्हणजे हजारो वेळा जांभया देत उठणारा पायथॉन. त्यांनी ‘सीएचजी’ काढलं: एकदा जागा केलेला सर्व्हर तसाच ठेवायचा आणि कामं त्याच्याकडे द्यायची. टेस्ट्सही तशा चालवता येतात. गिटने दुसरी वाट धरली. एखादं छोटं फंक्शन तपासायला अख्खी शेल उठवायची गरज नाही, म्हणून २०२३ पासून अशा टेस्ट्स सी भाषेत थेट लिहायला घेतल्या. जुन्या शेल टेस्ट्स गेल्या नाहीत. जे माणूस टाइप करतो ते तसंच तपासायला त्या हव्यातच. जे आतल्या आत तपासता येतं तेवढंच आत गेलं.

पाचवं मला फार आवडतं. गिटच्या टेस्टमधल्या कमांड्स ‘आणि’च्या साखळीने जोडलेल्या असतात: हे झालं आणि ते झालं आणि ते झालं तरच पास. मधली एक कडी विसरली तर आधीची कमांड पडूनही टेस्ट हसत-हसत पास होते. खोटा साक्षीदार! २०१५ पासून या तुटक्या कड्या आपोआप पकडायची सोय झाली. पुढे ही तपासणी जास्त हुशार झाली तसा तिचाच वेळ खटकायला लागला, कारण ती प्रत्येक टेस्टपाशी परत-परत चालायची. २०२२ मध्ये एरिक सनशाइनने ती नव्याने लिहिली: सुरुवातीलाच सगळ्या स्क्रिप्ट्स एकदम वाचून टाकायच्या. तपासणी जास्त कडक झाली आणि तिचा पुन्हा-पुन्हाचा फेराही वाचला. हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे या गोष्टीतलं मला सापडलेलं सगळ्यात सुखद सत्य.

वेगाची किंमतही दिसली. एकदम खूप टेस्ट्स चालवल्या की काही कधी पास, कधी नापास व्हायला लागतात. अशी डळमळीत टेस्ट पकडायला २०१९ मध्ये तिला मुद्दाम ताण देऊन पुन्हा-पुन्हा चालवायची सोय आली. आणि जो बग माहीत आहे पण अजून सुटलेला नाही, त्याची टेस्ट पुसत नाहीत. ‘ही पडणं अपेक्षित आहे’ असा शिक्का मारून तशीच ठेवतात. रिद्धपूरला वासना, पुण्यात नागमोडी रेघ, इथे हा शिक्का. ठाऊक नाही तर ठाऊक नाही असं लिहून ठेवा, पण पान फाडू नका.

मग आपण काय करायचं?

टेस्ट सूट संथ झाली की मीटिंगमध्ये हमखास दोन सूचना येतात. एक, ‘मोठं मशीन घ्या’. दोन, ‘अर्ध्या टेस्ट्स काढून टाका’. पहिली सूचना पैशाची, दुसरी धाडसाची, आणि दोन्ही विचार टाळणाऱ्या. भांडारकरच्या मंडळींकडे मोठं मशीन नव्हतं. गिटच्या मंडळींनी सरसकट अर्ध्या टेस्ट्स काढल्या नाहीत. दोघांनी आधी वेळ नेमका कुठे जातो ते शोधलं. बहुतेक वेळा तो तपासण्यात जात नव्हता, तपासायच्या तयारीत जात होता.

मी माझ्यापुरते चार प्रश्न काढलेत. प्रत्येक टेस्ट जी तयारी करते ती एकदाच करता येईल का? दोन टेस्ट्स एकमेकींच्या फोल्डरमध्ये हात घालतात का? सगळ्यात संथ टेस्ट आधी सुरू होते का? आणि ही टेस्ट स्वतंत्र साक्षीदार आहे की कोणाची नक्कल? काढून टाकायचा विषय चौथ्या प्रश्नानंतर, त्याच्या आधी नाही. आणि काढलीच तर काय काढलं आणि का, हे लिहून ठेवायचं, म्हणजे उद्या कोणाला नेपाळची पोथी सापडली तर ताडून बघता येईल.

आमच्या त्या पावणेदोन तासांच्या सूटला पहिले तीनच प्रश्न विचारले. ती पस्तीस मिनिटांवर आली, एकही टेस्ट न काढता. पस्तीस मिनिटं फार नाहीत, लोक थांबतात. शुक्रवारीसुद्धा.

म्हाइंभटाला पोथी तपासून मिळायला किती वेळ लागत असेल कोण जाणे. पण त्याने तपासल्याशिवाय लीळा पुढे जाऊ दिली नाही, असं परंपरा तरी सांगते. पोथी गेली तेव्हा ती पुन्हा उभी करता आली, कारण ती अनेक डोक्यांमध्ये होती, आणि कोणाच्या डोक्यात काय वेगळं होतं हे लपवलं गेलं नाही.

असो. लेख ठरवल्यापेक्षा लांबला. रिद्धपूरला अजून गेला नसाल तर पुढच्या वेळी चिखलदऱ्याला जाताना वाट थोडी वाकडी करून जाऊन या.